जिन्यातली तार कोणाची?



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंतातली व्याख्याने सुरू केली आणि ती चाल पुढे गावोगाव गेली. अशा व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी विद्वान नाही. माझी शाळा नववीत सुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांत साचेखात्यातले माझे वडील होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि आमच्या घरी पगाराचा दिवसही परत आला नाही. पुढच्या वर्षी मी एका गोदामात हमालीला लागलो. त्यानंतर जे काही शिकलो ते मोफत वाचनालयात, रात्रीच्या अभ्यासवर्गात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. तेव्हा माझ्या बोलण्यात ग्रंथांतले दाखले थोडे आणि जिन्यातले जास्त येतील. ते आपण सांभाळून घ्यावे.

आजचा विषय खरोखरच जिन्यातला आहे. आपल्या घरात इंटरनेटची जी तार येते, ती कोणत्या कंपनीची असावी हे ठरविते कोण? तुम्ही म्हणाल, ज्याचे पैसे तो ठरवील. मलाही तसेच वाटत होते. पण पुष्कळ वस्त्यांत आणि इमारतींत ते पैसे देणारा ठरवीत नाही. कंपन्या शहरात दहा असतील, आपल्या दारापर्यंत एकच पोचते. ती एक घ्या, नाहीतर नुसते बसा.

विषय फार किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची एक सुट्टी मागितली, तेव्हाही पुष्कळांना ती मागणी किरकोळच वाटली असेल. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ज्याला सातही दिवस साच्यासमोर उभे राहावे लागत होते, त्यालाच तिची किंमत ठाऊक होती. कोणती मागणी किरकोळ आणि कोणती मोठी, हे ज्याचे अडते त्याने सांगावे.

आता माझ्या इमारतीची हकीकत सांगतो, कारण तिच्यातला एक आरोपी मी स्वतः आहे.

मी कुर्ल्याला राहतो. सात मजली इमारत, दोन विंग, चौऱ्याऐंशी बिऱ्हाडे. रिक्षा चालविणारे आहेत, नर्सबाई आहेत, बँकेतले शिपाई आहेत, दोन-तीन इंजिनियर झालेली पोरे आहेत. सोसायटीचा सेक्रेटरी मी. २०१९ साली एका कंपनीचा माणूस आला. मोठा गोड बोलणारा. म्हणाला, "साहेब, तुमच्या इमारतीत आम्ही फायबर टाकतो. जिना आमच्या खर्चाने रंगवून देतो. सोसायटीच्या ऑफिसात जोडणी फुकट. शिवाय गणपतीच्या वर्गणीला दरसाल पंचवीस हजार." कागदावर एक ओळ अशी होती की पाच वर्षे दुसऱ्या कोणाची तार इमारतीत येऊ द्यायची नाही. चेअरमननी सही केली, मीही केली. सभेपुढे ठेवले ते फक्त जिन्याच्या रंगाचे. रंग पिवळा की फिका निळा यावर अर्धा तास चर्चा झाली.

मित्रहो, कारखान्यात एखाद्या पुढाऱ्याने कामगारांना न विचारता मालकाशी असा करार केला असता, तर मी फाटकावर उभा राहून त्याला काय काय म्हटले असते! पण घराच्या जिन्यात माझ्या ते ध्यानातच आले नाही. माणूस ज्या अन्यायाविरुद्ध आयुष्यभर भांडतो तोच अन्याय दुसऱ्या कपड्यांत आला की त्याला ओळखू येत नाही, हे मी स्वतःवरून शिकलो.

पहिले वर्ष ठीक गेले. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळा घरात आली, कचेरी घरात आली, डॉक्टरसुद्धा पडद्यावर आला. तोवर इंटरनेट म्हणजे पोरांची करमणूक असे आम्ही समजत होतो. आता ते नळाच्या पाण्यासारखे झाले. आणि त्याच सुमारास दर वाढू लागले. पाचशे रुपये अधिक अठरा टक्के कर, म्हणजे पाचशे नव्वद होते. ते दोन वर्षांत आठशे सव्वीस झाले. रस्त्यापलीकडच्या इमारतीत तीन कंपन्या होत्या. तिथे तेवढाच वेग पाचशे नव्वदलाच मिळत राहिला. आमच्याकडचा माणूस तक्रार करी तेव्हा त्याला उत्तर मिळे, "परवडत नसेल तर बंद करा." हे उत्तर तो देऊ शकत होता, कारण बंद करून आम्ही जाणार कुठे हे त्याला माहीत होते.

आता कोणी म्हणेल, मोबाइल आहे ना! आहे. या देशात बहुतेकांचे इंटरनेट मोबाइलवरच चालते. २०२४ च्या अखेरीस ब्रॉडबँडच्या सुमारे ९४ कोटी जोडण्या होत्या, आणि त्यांत तारेने जोडलेल्या ४ कोटींच्या आसपास. पण दोन मुलांचे वर्ग, सुनेचे काम आणि म्हाताऱ्याचा डॉक्टर हे एका मोबाइलवर दिवसभर चालवून पाहा. त्यातून जुन्या इमारतींच्या दाटीत आतल्या खोलीत मोबाइलला धड रेंज मिळत नाही. मोबाइलने निरोप जातो, पण घरात बसून आठ तासांचे काम करायचे तर तार लागते.

२०२३ च्या पावसाळ्यात आमची तार चार दिवस बंद पडली. तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या घरी बसून इस्पितळांच्या कागदांची नोंद संगणकावर करतात. काम उक्ते, जितके कागद तितके पैसे. चार दिवस कागद झाले नाहीत म्हणून चार दिवसांची मजुरी गेली, आणि काम वेळेवर दिले नाही म्हणून पुढचा गठ्ठा दुसऱ्या कोणाला गेला. कंपनीने चार दिवसांचे बिलाचे पैसे तेवढे वजा केले. त्या बाई माझ्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "दादा, दुसरी कंपनी का येत नाही आपल्याकडे?" मी म्हटले, "करार आहे." त्यांनी विचारले, "कोणी केला?"

या प्रश्नाला उत्तर देताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी कोणत्याही हरलेल्या संपानंतर वाटली नाही.

त्या रात्री मी वही घेऊन हिशेब मांडला. इमारतीत सत्तर जोडण्या. रस्त्यापलीकडच्यापेक्षा महिन्याला दोनशे छत्तीस रुपये जास्त. वर्षाला एका घरामागे दोन हजार आठशे बत्तीस. सत्तर घरांचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार दोनशे चाळीस. गणपतीला आले पंचवीस हजार, आणि घराघरांतून गेले जवळजवळ दोन लाख! आमच्याच खिशातले काढून, त्यातले आठ आणे आम्हालाच प्रसाद म्हणून वाटले होते.

पण नुसते रागावून भागत नाही. ही मक्तेदारी उभी कशी राहते ते समजून घेतले पाहिजे. यंत्र समजल्याशिवाय साचेवाल्याला साचा दुरुस्त करता येत नाही.

फायबर म्हणजे काचेचा केसासारखा तंतू. त्यातून प्रकाश जातो, आणि प्रकाशाबरोबर आपला मजकूर. कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका तंतूचा प्रकाश वाटणीच्या डब्यात बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतात. तंतू स्वतः फार महाग नसतो. महाग असते ते त्याला वाट करून देणे. रस्ता खणायचा तर महापालिकेची परवानगी, खड्डा बुजविण्याचे पैसे. खांबावरून न्यायची तर खांबवाल्याची मर्जी. आणि शेवटी इमारतीचा जिना. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार नेणे एक वेळ सोपे, पण फाटकापासून दारापर्यंतचे शेवटचे शंभर फूट अवघड. ज्याच्या हातात ते शंभर फूट, त्याच्या हातात ग्राहक.

हे शंभर फूट कोणाच्या हातात गेले याला थोडा इतिहास आहे. १९९१ च्या सुमारास आखाती युद्धाच्या वेळी मुंबईत केबल टीव्हीचे पेव फुटले. गल्लीतली धडपडी पोरे गच्चीवर तबकड्या लावून घरोघर तारा टाकू लागली. कायदा आला १९९५ साली. तोवर गल्ल्यांच्या हद्दी ठरून गेल्या होत्या. या नाल्यापर्यंत तुझे, त्यापुढे माझे. पुढे इंटरनेट आले तेव्हा पुष्कळ ठिकाणी तेच लोक कंपन्यांचे एजंट झाले, त्याच हद्दी राहिल्या. जिथे नवे टॉवर उठले, तिथे बिल्डरने किंवा आमच्यासारख्या कमिटीने करार करून हद्द आखून दिली. नाव कंपनीचे बदलते, हद्द बदलत नाही.

मी कामगार चळवळीतला माणूस, म्हणून तुम्हाला वाटेल की मी आता म्हणणार, सगळे सरकारकडे द्या. तसे मी म्हणत नाही. सरकारचे एकच दुकान होते तो काळही मी पाहिला आहे. आमच्या चाळीत एका घरी टेलिफोनसाठी नाव नोंदविले होते. टेलिफोन आला तेव्हा नोंदविणारे आजोबा हयात नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट या देशात सुरू झाले, तेही एकाच सरकारी कंपनीचे. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना परवाने खुले झाले आणि त्याने फायदाच झाला. माझे भांडण परवान्यांशी नाही. परवाने दिल्लीत खुले झाले, पण कुर्ल्याच्या जिन्यात मक्ता राहिलाच, हे माझे म्हणणे आहे.

यावर तोड नाही काय? आहे, आणि ती आमच्याच भिंतीवर टांगलेली आहे. ती म्हणजे विजेचे मीटर. मुंबईच्या उपनगरांत वीज पुरविणारी तारांची जाळी एका कंपनीची. दुसऱ्या कंपनीलाही घरगुती ग्राहकांना वीज विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. मग २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने अशी व्यवस्था लावली की तार जुन्याच कंपनीची राहू द्या. वीज ग्राहकाने दुसरीची घ्यावी आणि तारेचे भाडे द्यावे. लाखो ग्राहकांनी कंपनी बदलली, आणि त्यासाठी रस्ता पुन्हा खणावा लागला नाही. पुढे अधिभारांवरून वाद झाले, ते आजच्या विषयात आणत नाही. मुद्दा एवढाच की वाट एक असली तरी तिच्यावरून चालणारे अनेक असू शकतात. वाट मात्र कोणा एकाच्या मालकीची मेहेरबानी असता कामा नये.

इंटरनेटच्या बाबतीत हा विचार सरकारदरबारी झालेलाच नाही असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला आपण ट्राय म्हणतो, जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली होती की इमारतींच्या आत सर्व कंपन्यांना भेदभाव न करता प्रवेश मिळावा आणि आतली साधने त्यांनी वाटून वापरावीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना दळणवळणाच्या सोयींवरून दर्जा देण्याचे नियम ट्रायने काढले. अमेरिकेतही हेच दुखणे होते; तिथल्या आयोगाने २०२२ साली घरमालकांनी एकाच कंपनीशी उत्पन्नाच्या वाटणीचे करार करण्यावर बंदी घातली. आपल्याकडे केरळ सरकारने सार्वजनिक पैशातून फायबरचे जाळे उभारले आणि जून २०२३ मध्ये ते सुरू केले. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

पण कायदा आणि शिफारस यांचा मला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. तरी ज्या बाजारात संघटना होती तिथेच तो चालला, बाकी ठिकाणी तो कपाटात राहिला. म्हणून आम्ही काय केले ते सांगतो.

पहिले काम, मी सोसायटीची खास सभा बोलावली आणि तो करार मोठ्याने वाचून दाखविला. सहीपर्यंत, माझ्या नावासकट. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कामगारांचे पुढारी ना? मग आमच्या वतीने सही करताना आम्हाला विचारलेत का?" मी माफी मागितली आणि राजीनामा पुढे ठेवला. सभेने तो घेतला नाही. म्हणाली, घोटाळा तुम्ही केला, निस्तरायचाही तुम्हीच. मला हा ठराव योग्य वाटला.

दुसरे काम तक्रारींचे. आजवर प्रत्येक जण एकटा फोनवर भांडत होता. आम्ही ठरविले की तोंडी तक्रार करायची नाही. प्रत्येक बिघाडाला तक्रारीचा नंबर घ्यायचा आणि तो सोसायटीच्या वहीत लिहायचा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीतल्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, अशी सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमांत आहे. त्याच्याही वर ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे नेता येतात असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. सहा महिन्यांत वहीत एकसष्ट नोंदी झाल्या आणि ती वहीच आमचे वकीलपत्र झाली. करार मुदतीनंतर आपोआप वाढणारा होता. मुदतीच्या आत, २०२४ साली, आम्ही तो न वाढविण्याची लेखी नोटीस दिली. कंपनीने रंगाचे पैसे परत मागितले. आम्ही वही दाखविली. मागणी परत गेली.

तिसरे काम जिन्याचे. आम्ही प्रत्येकी चारशे रुपये काढून तळापासून गच्चीपर्यंत सोसायटीचा स्वतःचा पाइप बसविला. कोणत्याही परवानाधारक कंपनीने यावे, आपली तार त्यातून न्यावी, तिच्यावर नावाची पट्टी लावावी. आमच्या फाटकाच्या आत मक्ता कोणाचा नाही. हा ठराव एकमताने झाला, आणि गणपतीची वर्गणी त्या वर्षीपासून पुन्हा घरोघर फिरून गोळा करू लागलो. थोडी कमी जमते.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर माझ्या पेशाला बट्टा लागेल. तार जोडणारा जो पोरगा आमच्याकडे येतो, तो बाविशीतला. त्या चार दिवसांत सत्तर घरांनी त्याच्यावर तोंड टाकले. मीही आवाज चढविला. तो शांतपणे म्हणाला, "काका, बिघाड रस्त्यावरच्या डब्यात आहे आणि त्या डब्याची चावी माझ्याकडे नाही." मग मी त्याला चहाला बसविले. एका जोडणीमागे ठरावीक पैसे, पेट्रोल पदरचे, प्रॉव्हिडंट फंड नाही, खांबावर चढायला कमरेचा पट्टा नाही. कंपनी म्हणते तो एजंटाचा माणूस, एजंट म्हणतो तो सुटा कामगार. जिथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नाही, तिथे त्या पोराला दुसरा धनी नाही. ज्या हद्दीने आम्हाला अडविले होते, तिनेच त्यालाही अडविले होते. म्हणून आमच्या ठरावात एक कलम त्याच्यासाठीही आहे. जी कंपनी आत येईल तिने काम करणाऱ्याचे ओळखपत्र, विमा आणि पट्टा दाखवावा, नाहीतर गच्चीची चावी मिळणार नाही. आतापर्यंत एका कंपनीने पट्टे दिले आहेत.

सगळे जिंकले असे मी म्हणत नाही. आज इमारतीत दोन कंपन्या आहेत. दर सहाशे एकोणपन्नासवर आला आहे. तिसऱ्या कंपनीने चौऱ्याऐंशी घरे थोडी पडतात म्हणून नकार दिला. आणि गेल्या वर्षी रस्ता खणला तेव्हा दोन्ही कंपन्यांच्या तारा एकदमच तुटल्या, कारण फाटकाबाहेर दोघींचा खांब एकच! जिन्याचा प्रश्न आम्ही सोडविला. रस्त्याचा प्रश्न एका सोसायटीच्या आवाक्यातला नाही. रस्त्याखालून एकदाच सार्वजनिक नळी टाकावी आणि तिच्यातून सगळ्यांनी भाडे देऊन तारा न्याव्यात, ही मागणी घेऊन आमच्या गल्लीतल्या अकरा सोसायट्या एकत्र आल्या आहेत. वॉर्ड ऑफिसात दोन अर्ज दिले, तिसरा तयार आहे. झोपडपट्टीतल्या मंडळांनाही बोलावले आहे, कारण त्यांच्याकडे जिनाही नाही आणि सोसायटीही नाही. तिथे हद्दवाला म्हणेल तो दर.

आपण आज घरी गेल्यावर एक काम करावे एवढी माझी विनंती आहे. आपल्या सेक्रेटरीला भेटावे आणि विचारावे, "इमारतीत तार टाकण्याचा काही करार झाला आहे काय? असल्यास वाचायला द्या." तो कदाचित रागावेल. माझ्यासारखाच चांगला माणूस असेल, आणि माझ्यासारखाच सही करून विसरला असेल. त्याच्यावर आरोप करू नका. शेजारी बसा, वही काढा आणि दोघे मिळून हिशेब मांडा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना त्यांचे उक्ते काम पुन्हा मिळाले आहे, पूर्वीपेक्षा थोड्या कमी दराने. त्या आता सोसायटीच्या कमिटीवर आहेत. तक्रारीची वही त्यांच्याकडे असते, आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मी तो त्यांना वाचायला देतो.